निर्लेखन

सरकारी मराठीत 'निर्लेखन' असा एक शब्द आहे. वस्तू निकामी ठरली, समितीने ती पाहिली, सह्या झाल्या, की जडवस्तू नोंदवहीतून तिचे नाव कमी करतात. मी एका सरकारी रुग्णालयाच्या भांडारात बरीच वर्षे काढली आणि तेव्हापासून या शब्दाने माझा पिच्छा सोडलेला नाही. लेखन पुसले की वस्तू संपली, असा एक भाबडा विश्वास त्यात आहे. खाटा, स्टुले, सलाइनचे स्टँड यांच्या बाबतीत तो खपून जातो. काही यंत्रांच्या बाबतीत मात्र तो माणसांच्या जिवावर बेतला आहे.

ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात किरणोपचाराची एक खासगी संस्था होती. 1985 च्या अखेरीस ती नव्या जागेत गेली. जाताना कर्करोगावर उपचार करणारे सीझियम-137 चे एक यंत्र जुन्या इमारतीतच राहिले आणि परवाना देणाऱ्या अणुऊर्जा आयोगाला कोणी ते कळवले नाही. पुढे ती इमारत अर्धवट पाडली गेली. दारे-खिडक्या नसलेल्या त्या सांगाड्यात यंत्र तसेच उभे होते.

इथे यंत्रातला एक फरक सांगायला हवा. क्ष-किरणांचे यंत्र विजेवर चालते. बटण बंद केले की किरण थांबतात. सीझियमच्या यंत्राला बटण असते ते फक्त झडप उघडण्या-मिटण्यासाठी. आतल्या धातूच्या कुपीतून किरण अहोरात्र निघत असतात आणि शिशाचे जाड कवच त्यांना अडवते. वीज तोडा, खोलीला कुलूप लावा, नोंदवही जाळा, कुपीला त्याचे सोयरसुतक नसते. सीझियमचा जोर निम्म्यावर यायला तीस वर्षे लागतात.

13 सप्टेंबर 1987 रोजी दोन तरुण त्या पडक्या इमारतीत शिरले. जड धातूचे भंगारात चांगले पैसे येतात, एवढाच त्यांचा हिशेब. यंत्राचा कुपी असलेला भाग त्यांनी सोडवला आणि एकचाकी गाडीवर घालून घरी नेला. तो फोडून भंगारवाल्याला विकला. त्या रात्री भंगारवाल्याला तुकड्यातून निळा उजेड पाझरताना दिसला. त्याने तो कौतुकाने घरात आणला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना, नातेवाइकांना दाखवला, चिमूटचिमूट वाटला. आतला पदार्थ होता सीझियम क्लोराइड, म्हणजे मिठासारखी भुकटी: हाताला चिकटणारी, पाण्यात विरघळणारी. भंगारवाल्याच्या सहा वर्षांच्या पुतणीने ती अंगाला चोळली आणि त्याच हातांनी जेवली.

घरात एकेकाला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांना वाटले, खाण्यातून काही बाधले असेल. पण भंगारवाल्याच्या बायकोने ताडले, की ही चमकणारी वस्तू घरात आल्यापासूनच माणसे आजारी पडताहेत. 28 सप्टेंबरला तिने उरलेला भाग पिशवीत घातला, सोबत भंगारातला एक कामगार घेतला आणि बसने आरोग्य खात्याच्या कार्यालयात जाऊन ती पिशवी डॉक्टरांपुढे ठेवली. मला या साऱ्या प्रकरणात हीच बाई मोठी वाटते. परवाना, तपासणी, नोंद या साखळीतल्या एकालाही जे दिसले नाही, ते तिने केवळ घरातली माणसे नीट पाहून ओळखले.

दुसऱ्या दिवशी, शहरात पाहुणा आलेला एक भौतिकशास्त्रज्ञ मोजणीयंत्र उसने घेऊन निघाला. तो बराच लांब होता तेव्हाच काटा शेवटाला जाऊन टेकला. यंत्र बिघडले असेल म्हणून त्याने परत जाऊन दुसरे आणले. त्याचाही काटा तिथेच. तो पोहोचला तेव्हा अग्निशमन दलाचे लोक ती वस्तू नदीत फेकण्याच्या बेतात होते. त्याने त्यांना थांबवले.

मग शहरातल्या स्टेडियममध्ये रांगा लागल्या. सुमारे 1,12,000 लोकांची तपासणी झाली, त्यांपैकी 249 जणांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडले. चौघे दगावले: भंगारातले दोन कामगार, ती छोटी मुलगी आणि पिशवी घेऊन गेलेली ती बाई. त्यांना गावच्या दफनभूमीत पुरू देऊ नये म्हणून जमावाने दगडफेकही केली.

हे लांबच्या देशात, जुन्या काळी घडले असे म्हणायची सोय आपल्याला नाही. दिल्ली विद्यापीठाने 1968 मध्ये घेतलेले कोबाल्ट-60 चे एक यंत्र 1985 पासून वापराविना पडून होते. ते रुग्णालयाचे नव्हते, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे होते. पण जात तीच. फेब्रुवारी 2010 मध्ये ते लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तिथे त्याचे कवच फोडले गेले. एका दुकानदाराने तर त्यातला चकाकणारा तुकडा पैशांच्या पाकिटात ठेवला होता. एप्रिलमध्ये लोक रुग्णालयात दाखल होऊ लागले. एक कामगार गेला.

मी गंमत म्हणून नव्हे, भांडारातल्या सवयीने हिशेब केला. कोबाल्टचा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. 42 वर्षांत तो आठ वेळा निम्मा झाला, म्हणजे मूळच्या सुमारे अडीचशेव्या हिश्श्यावर आला. कागदावर ही वस्तू 'निरुपयोगी' ठरवायला हरकत नव्हती. प्रयोगाला निरुपयोगी आणि माणसाला निरुपद्रवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढाच काय तो फरक. नियमांची वाण नव्हती. असा स्रोत निकालात काढायचा तर अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी लागते, हे तेव्हाही लेखी होते. पण ज्याच्या टेबलावर लिलावाची फाइल येते त्याला यंत्राच्या पोटात काय आहे हे ठाऊक असेलच असे नाही. ज्यांना ठाऊक असते ते 25 वर्षांत निवृत्त होतात.

किरणोत्साराची तीन पाकळ्यांची खूण 1946 मध्ये अमेरिकेत बर्कली इथे तयार झाली. शिकलेल्या माणसाला तिचा धाक वाटतो. ज्याने ती कधी पाहिली नाही, त्याला ती पंख्याची पातीही वाटू शकते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने म्हणून एक नवी खूण करवून घेतली आणि भारतासह 11 देशांतल्या 1,650 लोकांना दाखवून पारखली. कोणतीही लिपी न येणाऱ्याला ती वाचता यावी, ही अट होती. 2007 मध्ये ती जाहीर झाली: लाल त्रिकोण, वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ती यंत्राच्या बाहेर लावत नाहीत. आत, कुपीच्या कवचावर लावतात. रुग्णाला, परिचारिकेला, भांडारपालाला ती दिसत नाही. जो यंत्र फोडायला बसेल त्यालाच दिसते.