बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत पोहोचवणारे सोपानदेव चौधरी कोण होते?

मातृदिन आला की बहिणाबाई चौधरींच्या ओळी स्टेटसवर दिसू लागतात. पाऊस पडला की पेरणीच्या फोटोखाली त्यांच्याच ओळी असतात. संसार, मन, माहेर, शेत, मरण, विषय कोणताही असो, बहिणाबाईंचं काहीतरी आपल्याला आठवतंच.

पण बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या हयात असताना त्यांचं एकही पुस्तक निघालं नाही. मग ही गाणी आपल्या मोबाइलपर्यंत आली कशी?

त्याचं उत्तर त्यांच्याच घरात आहे. त्यांचे धाकटे चिरंजीव सोपानदेव चौधरी स्वतः कवी होते. आज मात्र त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी 'बहिणाबाईंचा मुलगा' एवढीच उरली आहे, आणि ती त्यांनी स्वतःच्याच हाताने घडवली.

आधी एक गोंधळ दूर करू

मराठीत दोन बहिणाबाई आहेत. एक संत बहिणाबाई, तुकारामांना गुरू मानणाऱ्या, सतराव्या शतकातल्या. दुसऱ्या जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी. सोशल मीडियावर अनेकदा एकीची ओळ दुसरीच्या नावावर फिरते. हा लेख जळगावच्या बहिणाबाईंबद्दल आहे.

त्यांचा जन्म १८८० मध्ये जळगावजवळच्या असोदा गावी, महाजनांच्या घरी झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी कुटुंबात आल्या. पती नथूजी यांचं निधन झालं तेव्हा त्या तिशीत होत्या. शेती आणि मुलं दोन्ही त्यांच्यावर आलं. जात्यावर बसताना आणि शेतात राबताना त्या गाणी रचत. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात त्यांचं निधन झालं.

१९०७ चं जळगाव

सोपानदेव यांचा जन्म १९०७ चा. आदल्याच वर्षी, १९०६ मध्ये, खान्देश जिल्ह्याचे दोन भाग झाले होते. धुळे हे पश्चिम खान्देशचं मुख्य ठिकाण झालं आणि जळगाव पूर्व खान्देशचं.

सोपानदेव जन्मले त्याच वर्षी जळगावात महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने डॉक्टर असलेले कीर्तिकर औषधी वनस्पतींचे मोठे अभ्यासक म्हणूनही ओळखले जातात. या संमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटल्या. अध्यक्षांनी खूश होऊन त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. पुढे हेच नाव मराठी कवितेत कायम झालं.

एका मुलाला वेळेवर मिळालेली दाद काय करू शकते, याचं हे ठळक उदाहरण. पण ही दाद मिळाली ती सभेत, शिकलेल्या लोकांकडून, लिहिता येणाऱ्या मुलाला. त्याच गावात सत्ताविशीच्या आसपासची एक शेतकरी बाई होती. तिची गाणी जात्याच्या घरघरीतच राहणार होती. ती ऐकणारं कोणीतरी घरातलंच असायला हवं होतं.

कविता कागदावर कशा आल्या?

सोपानदेव शाळेत जाऊ लागले तेव्हाचा एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. त्यांनी आईला पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्याच गोष्टीवर गाणं रचलेलं होतं. मुलगा थक्क झाला आणि त्याने ते लिहून घेतलं.

पुढे सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तशी गाणी टिपून ठेवली. जमेल तशी, कारण बहिणाबाई गाणी रचायला वेगळा वेळ काढून बसत नव्हत्या. काम चालू असताना ओळी सुचत आणि काम संपलं की त्या हवेत विरून जात. जेवढं लिहिलं गेलं तेवढंच उरलं. त्यांची कितीतरी गाणी त्यांच्याबरोबरच गेली.

तोवर सोपानदेव स्वतः कवी म्हणून पुढे येत होते. 'काव्यकेतकी', 'अनुपमा' हे त्यांचे कवितासंग्रह. म्हणजे आईची गाणी जपणारा माणूस कवितेची पारख असलेला होता, आणि त्याला स्वतःचं नावही करायचं होतं.

भाषेचा प्रश्न

बहिणाबाईंची भाषा अनेक जण अहिराणी समजतात. ती प्रामुख्याने लेवा गणबोली आहे. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात ती बोलली जाते. अहिराणीचा पट्टा मुख्यतः धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या पश्चिम भागातला, म्हणजे अमळनेर, पारोळा, चाळीसगावकडचा.

लेवा बोलीत माणसाचा 'मानूस' होतो, विहिरीची 'येहेर' होते आणि ओढाळचं 'वढाय' होतं. त्या काळी छापील कविता म्हटलं की प्रमाण मराठीच डोळ्यांसमोर येई. बोलीतली गाणी म्हणजे बायकांची गाणी, फार तर लोकगीतं, असा समज होता. एका अक्षरओळख नसलेल्या बाईची बोलीतली रचना 'कविता' म्हणून लोकांसमोर ठेवायला धीर लागत होता, आणि ती बाई स्वतःची आई असेल तर संकोचही होणारच.

१९५२ मध्ये काय घडलं?

आईच्या निधनानंतर सोपानदेव यांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे तेव्हा नाटककार, संपादक, चित्रपट निर्माते आणि वक्ते म्हणून महाराष्ट्रभर गाजत होते. गाणी ऐकून ते भारावून गेले. हे अस्सल सोनं लोकांपासून लपवून ठेवणं हा गुन्हा ठरेल, अशा आशयाचं ते बोलले, आणि पुस्तक काढायचा आग्रह त्यांनी धरला.

१९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झालं. प्रस्तावना अत्र्यांची होती. बोली पुस्तकात टिकून राहिली आणि मुखपृष्ठावर नाव आलं ते आईचं.

१९६१ च्या 'मानिनी' या मराठी चित्रपटात बहिणाबाईंची गाणी वापरली गेली. तिथून ती रेडिओवर गेली आणि पुस्तक न वाचणाऱ्यांच्याही तोंडी बसली. पाठ्यपुस्तकांमुळे ती पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत राहिली.

धुळ्याच्या तुरुंगातलं लिहून घेणं

दुसऱ्याचे शब्द लिहून घेण्याचं आणखी एक मोठं उदाहरण याच खान्देशातलं आहे. १९३२ मध्ये विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं दिली. अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं. विनोबा बोलत होते आणि एक सहकैदी ते भराभर लिहून घेत होता. तो सहकैदी म्हणजे साने गुरुजी.

साने गुरुजी त्याआधी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. ते स्वतः लेखक आणि कवी होते, 'पत्री' हा त्यांचा कवितासंग्रह. पण त्या रविवारी ते फक्त लेखनिक झाले. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातूनच उभं राहिलं आणि पुढे देशातल्या अनेक भाषांत गेलं. साने गुरुजी तिथे नसते, तर तुरुंगातली ती वाणी ऐकणाऱ्या कैद्यांपुरतीच राहिली असती.

धुळ्याने ही दाद देण्याची रीत पुढेही चालवली. १९८५ मध्ये कवी पुरुषोत्तम पाटील यांनी धुळ्यातून 'कवितारती' हे फक्त कवितेला वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं. मुंबई-पुण्यापासून दूर राहून त्यांनी गावोगावच्या नव्या कवींना त्यात जागा दिली. स्वतः कवी असून आयुष्याचा मोठा काळ दुसऱ्यांच्या कविता वाचण्यात आणि छापण्यात घालवणारा हा माणूस सोपानदेव यांच्याच जातकुळीतला म्हणावा लागेल.

आज काय उरलं आहे?

२०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव देण्यात आलं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांच्या पदवी प्रमाणपत्रावर आता हे नाव असतं. शाळेत न गेलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला मिळालं, हे आपण कौतुकाने सांगतो.

सोपानदेव १९८२ मध्ये गेले. त्यांच्या स्वतःच्या कविता आज फार थोडे लोक वाचतात. आईचं पुस्तक आपल्या पुस्तकांना झाकून टाकेल, हे त्यांच्या हयातीतच दिसू लागलं होतं. तरीही बहिणाबाईंची गाणी सांभाळणारा, लोकांना सांगणारा माणूस हीच भूमिका त्यांनी निभावली.

अशी गाणी फक्त एकाच घरात होती असं नाही. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या. त्यांपैकी अनेक आता 'पारी' या संकेतस्थळावर वाचता आणि ऐकता येतात. मात्र जाती थांबली तशी नवी ओवी सुचण्याची जागाही गेली, आणि ज्यांना जुन्या ओव्या पाठ आहेत त्या बायका आता थकल्या आहेत.

सोपानदेव यांच्याकडे कागद आणि पेन्सिल होती, आपल्या खिशात रेकॉर्डर आहे. घरातली आजी काही गुणगुणत असेल, तर पुढच्या वेळी ते फक्त ऐकून सोडून द्यायचं की टिपून ठेवायचं, एवढंच ठरवायचं आहे.