चौथीच्या पुढची पायरी

उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये गोव्याचा पेडणे महाल वसलेला आहे. सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी त्यापूर्वी सुमारे अडीच शतके त्यांच्या अमलाखाली होत्या. तेथील लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असे फर्मान व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने १६८४ साली काढले होते. पेडणे हाती आले तेव्हा त्या फर्मानास शंभर वर्षे उलटून गेली होती, आणि बार्देशातील माणसे घरात कोकणीच बोलत होती!

नव्या काबिजादीतील लोकांच्या धर्मात व चालीरीतींत हात घालावयाचा नाही, असे धोरण पोर्तुगीजांनी पत्करले. त्याचा एक परिणाम असा झाला की, या भागाच्या शिक्षणाकडेही त्यांनी फारसे पाहिले नाही. मुले शिकली ती पंतोजींच्या हाताखाली, देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या वतनदाराच्या ओसरीवर. धूळपाटी, मोडी अक्षर, उजळणी आणि पोथीवाचन एवढाच तो अभ्यासक्रम होता. बोली कोकणी, परंतु पोथी, कीर्तन आणि हिशेबाची वही मराठीत, हा पेडण्यातील हिंदू घरांचा जुना रिवाज. पुढे झालेल्या साऱ्या वादांचे मूळ या रिवाजात आहे, म्हणून तो ध्यानात ठेवला पाहिजे.

लोकभाषेतून शिकवावे, हे सुचले एका पोर्तुगीज अधिकाऱ्यालाच. १८५५ साली सरकारचा मुख्य सचिव म्हणून आलेल्या कुन्य रिव्हार याने कोकणीची कड घेतली आणि १८५८ मध्ये तिच्या इतिहासावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे सरकारने मनावर घेतले नाही. पुढे १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना समान हक्क मिळाले, आणि गोव्यात ठिकठिकाणी मराठी शाळा उभ्या राहू लागल्या. पणजीत मुष्टिफंड संस्था १९०८ मध्येच निघाली होती. फोंड्यात १९११ साली गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले. या शाळांचा भार लोकांनीच वाहिला.

परंतु मराठी चार इयत्ता झाल्यावर पुढे काय? पेडण्यातील मुलापुढे तेव्हा दोनच वाटा होत्या. पणजीच्या लिसेवात जावे, तर तेथे सारे शिक्षण पोर्तुगीज भाषेत. नाहीतर इंग्रजी शाळा धरून मुंबईच्या मॅट्रिकची तयारी करावी, आणि त्यासाठी पुष्कळांना घर सोडून सावंतवाडी, बेळगाव किंवा मुंबई गाठावी लागे. १९५५ साली पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, भारताने सरहद्द बंद केली आणि ही दुसरी वाटही अवघड झाली. चौथीपर्यंत एक भाषा आणि पुढे दुसरी, अशी ही तुटलेली पायरी पोर्तुगीज अमदानीतलीच आहे. ती पुढेही दुरुस्त झाली नाही, हे आजच्या विषयाचे मर्म होय.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्री झाले ते दयानंद बांदोडकर. त्यांचा जन्म पेडण्याचाच. त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी, डोंगरातल्या वाड्यांपर्यंत सरकारी मराठी प्राथमिक शाळा पोहोचल्या. शिक्षक कमी पडले, तेव्हा तेरेखोलपलीकडून तरुण मास्तर आले. ज्या घरात तोवर कोणी सही केली नव्हती, त्या घरातली मुलगी पाटी घेऊन बसली. ही गोष्ट सामान्य नव्हे. १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी हरला, तरी पेडण्याने आपले मत विलीनीकरणाच्याच पारड्यात टाकले होते.

त्यानंतर वाद पेटला तो मातृभाषा कोणती यावर. डिचोलीत जन्मलेल्या शणै गोंयबाबांनी आपले आयुष्य कोकणीला वाहिले होते. मराठीच्या बाजूसही तितकीच निष्ठा होती. १९८७ च्या राजभाषा कायद्याने काही निवाडा केला. १९९० साली शिक्षणमंत्री शशिकला काकोडकर यांनी सरकारी अनुदान केवळ प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांनाच मिळेल असे ठरविले. चर्चच्या अनेक शाळांनी तेव्हा इंग्रजी सोडून कोकणी माध्यम स्वीकारले. ज्यांना फी परवडत होती त्यांनी मात्र विनाअनुदान इंग्रजी शाळा गाठल्या. २०११ साली इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला, आंदोलने झाली, २०१६ मध्ये त्यातून एक नवा पक्षही निघाला; पण २०१७ च्या निवडणुकीत त्याला एकही जागा मिळाली नाही.

असाच एक तंटा अमेरिकेत झाला होता. पहिल्या महायुद्धानंतर नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदा केला की, आठवी होईपर्यंत मुलाला इंग्रजीवाचून दुसरी भाषा शिकवू नये. रॉबर्ट मायर या शिक्षकाने एका दहा वर्षांच्या मुलास जर्मन वाचन शिकविले, म्हणून त्याला पंचवीस डॉलर दंड झाला. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ साली, कर्नाटकाच्या खटल्यात, सरकारला माध्यमाची सक्ती करता येणार नाही असा निकाल दिला. दोन्ही ठिकाणी पालकाची निवड मानली गेली. गंमत अशी की, तेथे त्या निवडीने घरची भाषा वाचली आणि येथे इंग्रजीची वाट मोकळी झाली.

म्हणून पालकाला दोष देणे मला पटत नाही. गोव्यातील बहुतेक माध्यमिक शाळांत पाचवीपासून इंग्रजी माध्यम आहे. चार वर्षे एका भाषेत विचार करावयास शिकलेले मूल पाचवीत अडखळते, हे त्याला दिसते. मोपाच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. तेथील नोकरी कोणती भाषा मागते, हेही त्याला कळते. अनुदानाचा सारा झगडा पहिल्या चार इयत्तांसाठी झाला. पाचवीचे गणित आणि आठवीचे विज्ञान कोणत्या भाषेत, हे कोणत्याच मोर्चाने जोर लावून विचारले नाही. दरम्यान सरकारी मराठी शाळांचा पट रोडावत गेला, आणि काहींना कुलूप लागले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मातृभाषेचे माध्यम शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत असावे, असे म्हटले आहे. चौथीची मर्यादा येथे कागदावर तरी ओलांडली गेली. त्यासाठी लागणारी पुस्तके दूर नाहीत. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची गणित-विज्ञानाची मराठी पाठ्यपुस्तके तेरेखोलच्या पलीकडे, बांद्याच्या बाजूला, वर्षानुवर्षे शिकविली जात आहेत. तिकडेही पालक आता सेमी-इंग्रजीकडे वळू लागले आहेत, हे खरे. पण तेथे ज्याला दहावीपर्यंत मराठीतून शिकावयाचे आहे, त्याला वर्ग आहे आणि पुस्तकही आहे. पेडण्यात मात्र चौथीचा निकाल हाती घेतलेले मूल जूनमध्ये दुसऱ्या भाषेच्या वर्गात जाऊन बसते.