झुणका-भाकर केंद्र

झुणका-भाकर केंद्र : मार्च १९९५मध्ये महाराष्ट्रात सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युतीचे हे सर्वांत लक्षात राहिलेले आश्वासन. एका रुपयात पोटभर नसली, तरी भूक मारेल इतकी झुणका-भाकर. पदपथांवर मोक्याच्या जागी स्टॉल मिळाले आणि शासनाने अनुदान दिले. पण एका रुपयाचा हिशेब फार काळ जुळला नाही. पुढे कित्येक स्टॉलांवर पाटी तीच राहिली आणि आत वडापाव तळला जाऊ लागला. योजनेपेक्षा जागाच टिकाऊ ठरली, असे म्हणायला हरकत नाही.

मुंबईतल्या ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे युतीचे दुसरे आश्वासन वेगळ्या वळणाने गेले. तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. मग अफझलपूरकर समितीच्या शिफारशींवरून वाढीव चटईक्षेत्राचा मार्ग काढण्यात आला : बिल्डरने झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचे घर फुकट बांधून द्यायचे आणि उरलेले बांधकाम खुल्या बाजारात विकून खर्च काढायचा. म्हणजे गरिबाचे छप्पर श्रीमंताच्या फ्लॅटच्या भावावर टांगले गेले. जागांचे भाव उतरताच कामे रखडली. ४० लाखांचा आकडा कागदावरच राहिला. या योजनेसाठी स्थापलेले झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मात्र सरकारे बदलली तरी कायम आहे.

एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषाही युतीच्या प्रचारात झाली होती. ऑगस्ट १९९५मध्ये तो रद्दही झाला. पुढच्याच वर्षी, फेरवाटाघाटी करून, त्याच सरकारने त्याला पुन्हा हिरवा कंदील दाखवला.