इंद्रवज्रापलीकडचा साइक्स

आमच्या मढवरून खिरेश्वरकडे जाणाऱ्या ट्रेकर मंडळींना कर्नल साइक्स एकाच गोष्टीसाठी ठाऊक असतो. हरिश्चंद्रगडावर त्याला इंद्रवज्र दिसले, म्हणजे मधोमध आपलीच सावली असलेले गोल इंद्रधनुष्य, आणि १८३५ साली त्याने ते लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले. माझी त्याच्याशी ओळख झाली ती मात्र ‘थळ’ या शब्दामुळे.

विल्यम हेन्री साइक्सचा जन्म १७९०चा. पोरवयात कंपनीच्या मुंबई फौजेत आला, १८१७ला खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढला. १८२४मध्ये एल्फिन्स्टनने त्याला दख्खनच्या पाहणीवर नेमले. मग हा गडी गावोगाव हिंडला. पाऊस मोजला, पक्षी टिपले, जुन्नरच्या लेण्यांतले लेख उतरवले. रानकुत्र्याला शास्त्रीय नाव देताना आपला ‘कोळसून’ शब्दही त्याने नोंदवून ठेवला.

पण खरे काम जमिनीचे. जमीन सरकारची की कुणब्याची, हा तेव्हा साहेबलोकांतला मोठा वाद. साइक्सने कुलकर्ण्यांकडचे थळझाडे वाचून घेतले. गावाची शेते थळांत वाटलेली, प्रत्येक थळाला एका घराण्याचे नाव. मिरासदाराला आपले वावर विकता येई, गहाण टाकता येई; उपऱ्याला तो हक्क नव्हता. घराणे बुडाले, जमीन ‘गतकुळी’ झाली, तरी थळाचे नाव टिकून राही. अर्थात हा खटाटोप कंपनीच्या साऱ्यासाठी होता. त्याला आपला कैवारी ठरवण्याची घाई मी करणार नाही.

पुढे तो कंपनीचा डायरेक्टर झाला, १८५६ला अध्यक्ष. १८५७पासून १८७२त मरेपर्यंत ॲबरडीनचा खासदार होता. चीनमधल्या ताइपिंग बंडात इंग्रजांनी हात घालू नये म्हणून आपल्याच सरकारशी भांडला, हेही सांगायला हवे.

आमची खालची वावरे पिंपळगाव जोगा धरणात गेली. सातबाऱ्यावर उरतो तो गट नंबर. नावे आजोबांबरोबर गेली, असे मी धरून चाललो होतो. दोन वर्षांमागे मे महिन्यात पाणी हटले, जुने बांध उघडे पडले. भावकीतल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन मी तिथे गेलो. चिखलात काठी रोवत त्यांनी अकरा नावे सांगितली. त्यातल्या तीन घराण्यांचे गावात आज कोणी नाही.

अकराही नावे वहीत उतरवली आहेत. बाराव्या वावरावरून दोघांचे अजून भांडण चालू आहे.