अश्वशाळेपासून पागेपर्यंत : तरुण घोड्याची निगा, प्राथमिक शिक्षण आणि मोतद्दाराचे श्रम

प्रस्तावना

भारतीय लष्करी इतिहासलेखनात घोडा येतो तो बहुधा स्वारासह. फौजेतील घोड्यांची संख्या, त्यांची आयात, त्यांच्या किमती आणि रणांगणावरील त्यांची चपळाई यांविषयी विपुल चर्चा झाली आहे. परंतु शिंगरू जन्मल्यापासून त्याच्या पाठीवर खोगीर चढेपर्यंतचा चार-पाच वर्षांचा काळ या चर्चेत क्वचितच येतो. दररोजचा खरारा, चंदी, पाणी, खुरांची साफसफाई आणि बागडोर धरून पायी चालविणे यांतूनच या काळात घोडा घडत असे. प्रस्तुत निबंधात कौटिल्याचे अर्थशास्त्र आणि सतराव्या शतकातील मराठी साधने यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, निगा आणि शिक्षण ही दोन वेगळी कामे नसून एकच प्रक्रिया होती. आणि जाणत्या राज्यसंस्थांनी ही प्रक्रिया सेवकांच्या मर्जीवर न सोडता तिची जबाबदारी नियमांनी बांधली होती.

अश्वाध्यक्षाची जबाबदारी

अर्थशास्त्राची संहिता आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे मुंबई विद्यापीठाने र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती प्रकाशित केली. या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणातील तिसावा अध्याय अश्वाध्यक्षाच्या कर्तव्यांविषयी आहे. त्याचा आरंभ घोड्यांच्या नोंदीपासून होतो आणि लगोलग निवाऱ्याचा विचार येतो. प्रत्येक घोड्याचे ठाण त्याच्या लांबीइतके चौरस, गुळगुळीत फळ्यांच्या जमिनीचे, खाद्याच्या कोठ्याचे आणि मलमूत्राच्या निचऱ्याची सोय असलेले असावे, असे तेथे सांगितले आहे.

शिंगराच्या आहाराचा क्रम विशेष लक्षणीय आहे. जन्मानंतर दहा दिवस उलटल्यावर त्याला तूप घातलेले पीठ आणि दूध द्यावे, हा आहार सहा महिन्यांपर्यंत चालावा. पुढे तीन वर्षांपर्यंत जवाचा रतीब महिन्यागणिक वाढवत न्यावा. घोडा चार किंवा पाच वर्षांचा झाला म्हणजे तो पूर्ण वाढीचा व कामास योग्य समजावा. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पायांच्या हाडांच्या वाढीपेक्षा बरीच उशिरा, पाचव्या वर्षाच्या सुमारास किंवा त्यानंतर पूर्ण होते, हे आधुनिक पशुवैद्यकास ज्ञात आहे. कौटिल्याने घातलेली वयोमर्यादा या निरीक्षणाशी बरीचशी जुळते. कोवळ्या पाठीवर भार न घालण्याचा संयम हा घोड्याच्या शिक्षणातील पहिला नियम होता, असे त्यावरून म्हणता येते.

याच अध्यायात अश्वशाळेतील सेवकांची यादी येते. लगाम-दोर धरणारा, घोडा बांधणारा, गवत आणणारा, खाद्य शिजविणारा, ठाणाची राखण करणारा, केस कापणारा आणि विषवैद्य असे हे सेवक होत. कामात कसूर झाल्यास त्या दिवसाचे वेतन कापावे, वैद्याने विश्रांतीसाठी थांबविलेल्या घोड्यावर स्वारी केल्यास बारा पण दंड करावा, उपचारातील हयगयीने रोग बळावल्यास उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड वसूल करावा, असे नियम आहेत. दयाबुद्धीचा उपदेश येथे नाही. निष्काळजीपणाची किंमत मात्र ठरवून दिलेली आहे.

जमिनीवरील शिक्षण

तरुण घोड्याचे शिक्षण स्वार चढण्यापूर्वीच सुरू होते, ही जाणीव भारताबाहेरील प्राचीन ग्रंथांतही आढळते. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथात असे सुचविले आहे की, भूक, तहान आणि माश्यांचा त्रास यांची सांगड शिंगराच्या मनात एकटेपणाशी, तर अन्न, पाणी आणि आराम यांची सांगड माणसाशी बसली पाहिजे. ज्या अवयवांना हात लावलेला घोड्याला आवडतो ते चोळावेत, त्याला गर्दीतून फिरवावे, निरनिराळ्या दृश्यांची व आवाजांची सवय करावी आणि रागाच्या भरात त्याला हाताळू नये, असेही तो सांगतो.

या दृष्टीने पाहिल्यास खरारा हे केवळ स्वच्छतेचे काम राहत नाही. खराऱ्याने घाम, धूळ आणि मेलेले केस निघतात; खोगिराखाली खडा वा चिखल राहून पाठीला जखम होण्याचे टळते. त्याचबरोबर रोज सर्वांगावरून हात फिरत असल्यामुळे सूज, जखम किंवा ऊन लागलेला सांधा वेळीच ध्यानात येतो. शिंगराच्या बाजूने पाहता तेच त्याचे पहिले पाठ ठरतात. ते स्पर्श सहन करण्यास, एका जागी उभे राहण्यास आणि पाय उचलून देण्यास शिकते. पाय उचलून न देणाऱ्या घोड्याला नाल मारता येत नाही आणि नाल नसलेला घोडा दगडाळ मुलखात फार काळ टिकत नाही. त्यानंतर बागडोर धरून चालविणे, थांबविणे, वळविणे आणि वर्तुळात फिरविणे हे टप्पे येतात. अर्थशास्त्रातील चालींच्या वर्गीकरणात मंडलाकार चालींना ‘वल्गन’ आणि खुणेसरशी चालण्याला ‘नारोष्ट्र’ अशा स्वतंत्र संज्ञा आहेत. खूण ओळखून वागणे ही घोड्याची कसोटी मानली जात होती, हे त्यावरून स्पष्ट होते.

मराठ्यांची पागा

अर्थशास्त्र आणि शिवकालीन पागा यांच्यात थेट परंपरा होती, असे म्हणण्यास आधार नाही. मात्र दोन्ही व्यवस्थांपुढील प्रश्न एकच होता: सरकारी घोड्याची निगा कोण राखणार? मराठ्यांच्या घोडदळात शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा, तर बारगिराचा घोडा सरकारी असे. शिलेदाराला घोडा गमावणे म्हणजे उपजीविका गमावणे होते. त्यामुळे तो घोड्याला जपत असे, पण त्याच कारणाने तो धोक्यात घालण्यासही कचरत असे. बारगिराच्या बाबतीत प्रश्न उलट होता. घोडा त्याचा नसल्यामुळे निगेची हमी व्यवस्थेनेच देणे आवश्यक होते.

कृष्णाजी अनंत सभासद याने १६९० च्या दशकात लिहिलेल्या बखरीत या हमीचे स्वरूप दिसते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद व एक पखालजी अशी नेमणूक होती. लढाऊ अधिकाऱ्याच्या बरोबरीने नाल मारणारा आणि पाणी भरणारा यांचे प्रमाण निश्चित होते, ही बाब पुरेशी बोलकी आहे. पावसाळ्यात फौज छावणीस परतल्यावर दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरे यांची तजवीज आधीच केलेली असे. छावणीचे हे महिने घोड्याला पुन्हा अंग धरण्याचे होते.

शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरातील हलवर्णच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना १६७३-७४ च्या सुमारास पाठविलेले पत्र या संदर्भात महत्त्वाचे आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, या भावनेचे द्योतक म्हणून हे पत्र प्रसिद्ध आहे. परंतु त्यातील युक्तिवादाचा आरंभ घोड्यांच्या वैरणीपासून होतो. दाणा व वैरण आताच बेहिशेबी खर्च केल्यास भर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील, मग लोक रयतेकडून ओरबाडू लागतील, असा त्याचा क्रम आहे. रात्री दिवा जळता ठेवल्यास उंदीर वात पळवून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाईने त्यात सावधगिरी सुचविली आहे. घोड्याची निगा आणि रयतेची सुरक्षितता हे एकाच कारभाराचे दोन भाग होते, हे या पत्रातून सिद्ध होते.

याची उलट बाजू पानिपतावर दिसली. १४ जानेवारी १७६१ रोजीच्या लढाईपूर्वी रसद तुटल्याने मराठ्यांच्या छावणीत माणसांप्रमाणे घोडीही उपाशी होती. वर्षानुवर्षांचे शिक्षण अशा काही आठवड्यांत निरुपयोगी होते.

भाषेतील अवशेष

मोतद्दारांच्या श्रमांची नोंद कागदपत्रांपेक्षा शब्दांत अधिक टिकली आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात मोतद्दार, चाबुकस्वार, बागडोर, खरारा, तोबरा आणि चंदी हे शब्द भेटतात. आज संसद सदस्याचा वाचक असलेला ‘खासदार’ हा शब्दही तेथे घोड्याची निगा राखणारा नोकर या अर्थाने येतो. ‘खोगीरभरती’ हा वाक्प्रचार निरर्थक भरणा या अर्थाने रूढ आहे. प्रत्यक्षात खोगिराची भरती बिघडली की घोड्याची पाठ जायबंदी होत असे. दसऱ्याला घोड्यांची पूजा करून मोहिमेस निघण्याच्या प्रथेमागेही जुना विचार आहे. अर्थशास्त्रात आश्विनाच्या नवमीस घोड्यांचे नीराजन सांगितले असून त्यासाठी राखलेल्या घोड्यावर स्वारी करणाऱ्यासही दंड आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, घोड्याचे प्राथमिक शिक्षण त्याच्या निगेतच सामावलेले होते. दोन, ही निगा दंड, नेमणुका आणि आगाऊ तजवीज यांनी नियमबद्ध केली गेली होती. तीन, या श्रमांचे कर्ते इतिहासात निनावी राहिले. मराठ्यांच्या घोडदळाच्या वेगाचे श्रेय स्वाराच्या धाडसाला आणि सरदाराच्या डावपेचांना दिले जाते. तो वेग पहाटे खरारा हातात घेणाऱ्या मोतद्दारावर, नालबंदावर आणि पखालजीवरही तितकाच अवलंबून होता. त्यांना लष्करी इतिहासात स्थान दिल्याखेरीज पागेचे चित्र पूर्ण होणार नाही.