निरक्षर माणसाचा विचार

‘अडाण्याला विचार करता येत नाही’ हा समज फार जुना आहे. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना तो पदोपदी भेटतो. मानसशास्त्रात ह्या समजाची जी परीक्षा झाली, तिचा इतिहास म्हणून पाहण्याजोगा आहे.

१९३१ व १९३२ साली मॉस्कोचे मानसशास्त्रज्ञ लूरिया उझबेकिस्तानातील खेड्यांत गेले. सामुदायिक शेती आणि साक्षरतेचे वर्ग तेथे नुकतेच सुरू झाले होते. समाज बदलला की विचाराची घडणही बदलते, हे त्यांचे सहकारी विगॉट्स्की यांचे मत त्यांना पडताळून पाहायचे होते. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका ह्यांतून वेगळे काय ते काढा, असे त्यांनी सांगितले. शिकलेला माणूस ओंडका काढतो, कारण बाकीची तीन हत्यारे. निरक्षर शेतकरी ओंडका सोडीनात. तो नसेल तर हत्यारे कशाला? दुसरा प्रश्न असा: दूर उत्तरेस, बर्फात, सर्व अस्वले पांढरी असतात, नोवाया झेम्ल्या दूर उत्तरेस आहे, तर तेथील अस्वले कोणत्या रंगाची? उत्तर आले की, जे पाहिले नाही त्याविषयी आम्ही बोलत नाही. थोडेफार शिकलेले मात्र शब्दांवरूनच उत्तर काढीत. ह्या कामावर पुढे मॉस्कोत टीका झाली, आणि त्यावरचे पुस्तक निघायला १९७४ साल उजाडले.

पण ‘पाहिले तरच बोलावे; हे पाहिले नाही; म्हणून बोलत नाही’ हे अनुमानच नव्हे काय? पुढे सिल्व्हिया स्क्रिब्नर व मायकेल कोल यांनी लायबेरियातील वाई लोकांत तपास केला. हे लोक आपली लिपी शाळेवाचून शिकतात. १९८१ च्या त्यांच्या ग्रंथात दिसले की, नुसत्या अक्षरओळखीने तर्काची रीत पालटत नाही. शब्दांतून तर्क मांडण्याची सवय शाळा लावते. मग स्क्रिब्नरबाईंनी अमेरिकेतल्या एका दूध-कारखान्यातील कामगार पाहिले. १६ बाटल्यांच्या खोक्यातून १० हव्या असल्या, तर भरलेल्या खोक्यातून ६ काढायच्या की अर्धवट खोक्यात घालायच्या, हे ते कमीत कमी हालचालींचा हिशेब करून ठरवीत. शाळकरी मुले बहुधा कागदावरचा आकडा जसाच्या तसा पाळीत.

तेव्हा बुद्धी कमी नव्हती. सवय निराळी होती. परंतु आम्ही एवढ्यावर समाधान मानणार नाही. कराराचे कलम हे त्या न पाहिलेल्या अस्वलासारखे असते. त्याचा अर्थ शब्दांवरूनच काढावा लागतो. ती सवय ज्याला मिळाली नाही, त्याचा अंगठा दुसराच कोणी वापरतो. म्हणून कामगाराच्या हातच्या अकलेला मान हवा, आणि रात्रीच्या शाळेत त्याला जागाही हवी.