चोखंदळ कोणाला म्हणायचं?

मराठी पुस्तकांचा इतिहास लिहायला बसलं की लेखकांची माहिती मिळते, प्रकाशकांची मिळते, टीकाकारांची तर हवी त्याहून जास्त मिळते. मिळत नाही ती वाचकाची. १८९८ साली न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर एक टिपण लिहिलं. त्याला आधार होता सरकारदरबारी नोंदल्या गेलेल्या पुस्तकांच्या याद्यांचा. कोणत्या विषयावर किती पुस्तकं छापली गेली, हे त्यावरून कळतं. ती वाचून कोणाला काय वाटलं, हे कळायला मार्ग नाही. त्याच वर्षी १ ऑगस्टला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं आणि पुढे शहरभर त्याच्या शाखा निघाल्या. वाचक जमू लागला होता. त्याचं म्हणणं टिपून घ्यायला मात्र कोणी बसलेलं नव्हतं.

वाचक रागावला तर त्याची नोंद होते, हे खरं. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालं तेव्हा केवढा गदारोळ उठला! ही विभावरी शिरूरकर कोण, ती बाई तरी आहे का, इथपर्यंत चर्चा गेली. पुढे त्या मालतीबाई बेडेकर, हे उघड झालं. त्या गदारोळाबद्दल आजही लिहिलं जातं. पण ज्या मुलींनी ते पुस्तक घरच्यांच्या नकळत वाचलं असेल आणि ज्यांना त्यात आपलीच गोष्ट सापडली असेल, त्यांचं मत कुठे शोधायचं?

आवडीनिवडीला छापील जागा मिळाली ती गिरगावात. मॅजेस्टिक सिनेमावरून नाव घेतलेला मॅजेस्टिक बुक स्टॉल पुस्तकवाल्यांना ठाऊक होताच. (याच थिएटरात १९३१ साली 'आलम आरा' लागला. थिएटर गेलं, नाव पुस्तकांच्या दुकानाने जपलं.) तिथल्या केशवराव कोठावळ्यांनी जानेवारी १९६४ मध्ये 'ललित' मासिक सुरू केलं. खास पुस्तकांसाठी मासिक, ही कल्पनाच धाडसाची. त्यात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने भल्याभल्या लेखकांची टोपी उडवत. वसंत सरवट्यांनी काढलेला तो हातोडेवाला ठणठणपाळ जुन्या वाचकांना नक्की आठवेल. माझ्या मते त्या सदराने एक मोठं काम केलं : लेखकाला हसायला हरकत नाही, हे साध्या वाचकाला सांगितलं. 'ललित'ने वाचकांची पसंतीही विचारली. वाचकांनी आपल्याला आवडलेली पुस्तकं कळवायची आणि मासिकाने त्यांची यादी छापायची. त्या उपक्रमाचं नाव 'चोखंदळ वाचकांची निवड'.

नाव छानच आहे. पण मासिकाची वर्गणी भरणारा, पोस्टकार्ड लिहून आपली निवड कळवणारा हा चोखंदळ वाचक बहुतेक करून गिरगाव-दादरकडचा मास्तर, कारकून, बँकेतला माणूस. लालबाग-परळच्या वाचकाला चोखंदळ कोण म्हणणार?

आणि वाचक तिथेही होताच. ना. म. जोशी यांनी १९११ साली सुरू केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणी कामगारांसाठी मोफत वाचनालयं चालवली होती. पुढे गल्लोगल्ली लहान वाचनालयं आली. अशाच एका वाचनालयाच्या टेबलामागे तरुणपणी मी संध्याकाळचा बसत असे. पहिली पाळी सुटली की माणसं घरी जाऊन, अंघोळ करून यायची. एका नावावर कार्ड, पण पुस्तक जायचं गावकीच्या खोलीवर. तिथे एकजण मोठ्याने वाचणार, बाकीचे ऐकणार. त्यामुळे आमचे सभासद किती हे सांगता यायचं, वाचक किती ते नाही.

ही कार्डं बघण्यासारखी असत. एकाच माणसाच्या नावावर आज बाबूराव अर्नाळकरांचा झुंझार, परवा 'मृत्युंजय', त्यानंतर 'बटाट्याची चाळ', मग पुन्हा काळापहाड. अभिजात आणि लोकप्रिय असे दोन कप्पे टीकाकारांच्या डोक्यात असतात, आमच्या कार्डांवर नव्हते. मतं मात्र ठाम. पुस्तक टेबलावर ठेवता ठेवता एका वाक्यात निकाल लागायचा. गिरणीवरची एक कादंबरी परत करताना साचेखात्यातले एक गृहस्थ म्हणाले होते, "याने साचा बंद असतानाच बघितलाय." त्या कादंबरीवर मी पुढे बरीच परीक्षणं वाचली. इतकं नेमकं एकानेही लिहिलेलं नव्हतं.

भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' १९६५ सालची. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली आणि तो वाद वाङ्मयाच्या इतिहासात जाऊन बसला. आमच्याकडे ते पुस्तक कमिटीच्या कपाटात असायचं, मागितलं तरच द्यायचं असा नियम. जी पोरं नाक्यावर उभी राहत, तीच येऊन हळू आवाजात मागत. आणून देताना त्यांना अश्लीलतेबद्दल काही म्हणायचं नसे. आपण बोलतो तसंच पुस्तकात छापतात, याचंच त्यांना नवल.

या वस्तीतून मत द्यायचा आणखी एक मार्ग निघाला, तो म्हणजे स्वतःच लिहिणं. बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ साली आलं, नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' १९६६ साली. सुर्वे तर गिरणी कामगाराच्याच घरात वाढलेले. आधी छापलेल्या पुस्तकांबद्दल अशा माणसांचं जे काही म्हणणं होतं, ते त्यांच्या लिखाणात उतरलं, असं मला वाटतं. पुढे 'ग्रंथाली'ने स्वतःला वाचक चळवळच म्हणवून घेतलं आणि १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' काढलं. ते पुस्तक आमच्याकडे शेल्फावर कधी राहिलंच नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिले दोन-तीन महिने वाचनालयात उलट गर्दी होती, माणसं रिकामी होती. मग एकेकजण अनामत परत मागायला येऊ लागला. रक्कम ती काय, पण तेवढ्यात चार दिवसांचं धान्य यायचं. सही करून पैसे घेतल्यावर एकाने विचारलं, घरी अर्धवट राहिलेली कादंबरी संपवून आणली तर चालेल का? नियमात बसत नव्हतं. मी हो म्हटलं. आठवड्याने पुस्तक आलं, ते शेजाऱ्याच्या मुलाबरोबर. तो स्वतः साताऱ्याला गावी गेला होता.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे अनुदान मिळतं, त्यासाठी तपासणी होते, आणि तपासनीस पुस्तकांची दाखल नोंदवही मागतो. म्हणून कोणतं पुस्तक कधी, केवढ्याला घेतलं, ते आमच्या वाचनालयात आजही सांगता येईल. देवघेवीच्या वह्या आणि सभासदांची कार्डं मात्र जागा अडते म्हणून कमिटीने एका दिवाळीच्या साफसफाईत रद्दीला घातली. कोणी काय वाचलं, ते त्या वह्यांतच होतं.